छातीतली धूळ आणि वहीतली नोंद

(थेरगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कळवा, असे मंडळाच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा मी 'अ‍ॅस्बेस्टॉस' असे उत्तर पाठविले. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच घरी आले आणि म्हणाले, "म्हणजे आपला सिमेंटचा पत्राच ना? त्याच्यावर काय बोलणार?" वसंत व्याख्यानमालेत संतांवर बोलावे, इतिहासावर बोलावे, ही रीत मलाही ठाऊक आहे. परंतु येथून उठल्यावर आपल्यापैकी कित्येक जण ज्या छपराखाली निजावयास जाणार, त्या छपराविषयीही एखादे वर्षी बोलावयास हरकत नसावी.

मी डॉक्टर नव्हे, वकीलही नव्हे. माझे आयुष्य कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहिण्यात गेले. तेव्हा आज मी बोलणार आहे तेही शेवटी नोंदींविषयीच, हे आधीच सांगून ठेवतो.

पवनेकाठचे आपले थेरगाव मुळात शेतकऱ्यांचे. १९५४ साली शेजारी पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेल्या माणसांना राहावयास खोल्या हव्या झाल्या. चार भिंती आणि वर पत्रा, अशी ती खोली. त्या पत्र्यात शंभरांत आठ-दहा भाग अ‍ॅस्बेस्टॉस असतो व बाकी सिमेंट. अ‍ॅस्बेस्टॉस हा खनिज तंतू. तो जळत नाही, कुजत नाही, आणि स्वस्त आहे. माणसाने त्याला डोक्यावर घेतले ते काही वेडेपणाने नव्हे.

मग दोष कोठे आहे? पत्रा शाबूत असतो तोवर तंतू सिमेंटात जखडलेला असतो आणि भय थोडे असते. पत्रा कापला, फोडला, खरवडला, त्यास भोके पाडली, की तंतू मोकळा होतो. तो डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक असतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जातो. तेथे शरीराच्या रक्षक पेशी त्याला गिळू पाहतात. पण जो आगीला दाद देत नाही तो त्यांना काय देणार? त्याच्याभोवती व्रण धरतो आणि फुप्फुस ताठर होत जाते. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. झालेला व्रण नाहीसा करणारे औषध नाही. याच तंतूने फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यास त्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोगही यानेच होतो. आणि सर्वांत कपटाची गोष्ट ही की, हे रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उघडे पडतात.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडात रॉचडेल गावी अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ ही बाई १९२४ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. कुक यांनी १९२७ साली या रोगाचे नाव छापून प्रसिद्ध केले. १९३१ साली तेथे गिरण्यांतील धुळीविषयी नियम झाले. परंतु ते गिरणीच्या भिंतीपुरते! १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, खाणीत कधी न उतरलेल्या, केवळ खाणीच्या परिसरात राहिलेल्या माणसांनाही मेसोथेलिओमा होतो. १९६५ साली लंडनमध्ये आढळले की, कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकाही त्यातून सुटत नाहीत. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यावयास मात्र १९९९ साल उजाडले. आज साठांहून अधिक देशांनी बंदी घातली आहे. आपण आपल्या खाणींना आवर घातला. पण परदेशातून लाखो टन माल आजही आणतो.

हे सारे परदेशाचे म्हणून कोणी सोडून देईल. म्हणून मुंबईचे सांगतो. डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तेथील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतील कामगार तपासले आणि आपला निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केला. तपासलेल्या दर पाच कामगारांत एकाहून अधिकांना अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. घड्याळाच्या ठोक्याला कामावर जाणारी माणसे ती. आपल्या छातीत काय साठले आहे हे त्यांना कोणी सांगितले होते?

आता कायद्याकडे वळू. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, सरकारास कळविलेच पाहिजेत अशा रोगांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसिस होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेच्या यादीतही तो आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका ग्राहक संस्थेच्या अर्जावर मोठा निर्णय दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि आज्ञा केली की, अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर जपली पाहिजे. पुढे २०११ साली बंदीची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. पण १९९५ चे निर्देश पाळावेत असेच पुन्हा बजावले.

चाळीस वर्षे! या आकड्यामागचा विचार पाहा. रोग चाळीस वर्षांनी येणार असेल, तर पुरावाही चाळीस वर्षे जगला पाहिजे. न्यायालयाने रोगाची चाल ओळखून नोंदीचे आयुष्य ठरविले. परंतु नोंद ठेवावयाची कोणाची? जो पटावर आहे त्याची. आपल्या या पट्ट्यात 'ब्रेक' शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गाडीचा, दुसरा सात महिन्यांनी कंत्राटी कामगाराला मिळतो तो. पहिल्या ब्रेकच्या लायनरात पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. दुसऱ्या ब्रेकने माणसाची नोंदच तुटते. पाच वर्षांत सहा ठिकाणी काम केलेल्या पोराची चाळीस वर्षांची नोंद कोणी जपावयाची?

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगतो. माझ्या आरंभीच्या नोकरीत, एका लहानशा वर्कशॉपात, एक तरुण ब्रेकचे ड्रम उघडून हवेच्या नळीने आतली भुकटी उडवीत असे. संध्याकाळी तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसे, आणि आम्ही हसत असू. हजेरीत त्याच्या नावापुढे मी 'हेल्पर' एवढेच लिहीत असे. उतारवयात त्याला धाप लागू लागली. कोणी दमा म्हटले, कोणी क्षयाची औषधे दिली. अखेरीस एका डॉक्टराने विचारले, "तरुणपणी काम काय करीत होता?" तो म्हणाला, "हेल्पर होतो." माझाच शब्द! वर्कशॉप केव्हाच बंद पडले होते, वह्या रद्दीत गेल्या होत्या. भरपाईचा अर्ज कशाच्या आधारावर करावयाचा? तो गेला. धूळ त्याच्या छातीत राहिली, आणि ती वहीत मात्र कधी उतरलीच नाही.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. पत्रा काढावयाचा तर बोल्ट सोडून अखंड उतरवा. फोडू नका, ग्राइंडर लावू नका, आधी पाण्याने भिजवा. चुरा कोरडा झाडू नका आणि रस्त्याच्या खड्ड्यात भरू नका. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असे समजू नका. तो तंतू रुमालाला जुमानत नाही. धुळीचे कपडे लेकराबाळांच्या कपड्यांत मिसळू नका. ते कामावरच धुण्याची सोय मालकाकडे मागा. आणि प्रत्येक कामगाराने दोन रुपयांची का होईना, एक वही करावी: कोणते साल, कोणाचे वर्कशॉप, कोणते खाते, कोणता माल हाताळला. पगाराची चिठ्ठी त्यातच जपावी. ई.एस.आय.च्या डॉक्टरकडे जाल तेव्हा ती वही पुढे ठेवावी. आणि आज जे टाइम ऑफिसात बसले आहेत त्यांना हात जोडून सांगणे आहे की, नुसते 'हेल्पर' लिहू नका. तो काय करतो ते लिहा.

कायदा मोठा आहे, न्यायालय मोठे आहे. पण दोघेही कागद मागतात. तो कागद आपण आज लिहिला नाही, तर चाळीस वर्षांनी आपल्या मुलांनी तो कोठून आणावा?