पाणपोईचे ऋण



ऐन वैशाखात, सायंकाळीही ज्या मैदानाची धग उतरलेली नाही अशा मैदानात बसलेल्या श्रोत्यांपुढे उन्हाविषयी बोलणे म्हणजे त्यांच्या सौजन्याचा गैरफायदा घेणे होय, हे मी जाणून आहे. तथापि विषयनिवडीची मोकळीक कार्यवाहांनी मला दिली आणि मी ती निःसंकोचपणे घेतली. विषय असा, की सुखवस्तू देशातला एखादा माणूस आपले बिऱ्हाड सायकलीवर बांधून निघतो, ज्या मुलुखाची भाषा त्यास येत नाही आणि जिथल्या उन्हाची त्यास सवय नाही अशा मुलुखातून हजारो किलोमीटरची मजल मारतो, आणि या खटाटोपाच्या निमित्ताने आपल्या गावच्या लोकांकडून अनाथ मुलांसाठी, रुग्णालयासाठी वा एखाद्या शाळेसाठी निधी गोळा करतो. इंग्लंडात या प्रकाराचा आता शिरस्ताच पडून गेला आहे आणि आपल्याकडेही तो रुजू लागला आहे. अशा प्रवासात दाता कोण आणि याचक कोण, हे वरवर पाहता अगदी उघड दिसते. मला ते तितकेसे उघड वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सुदानच्या उदाहरणाने सांगावे असा माझा इरादा आहे.

पण सुदानकडे वळण्यापूर्वी मुंबईचे एक ऋण फेडले पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक असे करीत त्यांनी बगदादपासून अलेप्पोपर्यंतचे वाळवंट ओलांडले आणि पुढे सिनाईचेही ओलांडले. सहांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले, आणि १९३१ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकास जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. त्यांनी कोणासाठी निधी जमविला नाही. परंतु पारतंत्र्यातल्या देशाचे तरुण स्वतःच्या पायांच्या बळावर जग पाहून येतात, एवढी गोष्टही त्या काळी लहान नव्हती. आपल्या शालेय क्रमिक पुस्तकांत त्यांना जागा मिळू नये याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. असो.

आता सुदान. इजिप्तमधील आस्वान येथून दक्षिणेस जाणाऱ्या सायकलस्वारास कित्येक वर्षे रस्ता असा नव्हताच. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या बोटीने नासर सरोवर ओलांडून वादी हाल्फा या गावी उतरावे लागे. हे सरोवर आस्वानच्या उंच धरणाचे. १९७० साली पुऱ्या झालेल्या त्या धरणाने जुने वादी हाल्फा पाण्याखाली नेले आणि तेथील न्यूबियन कुटुंबांना शेकडो किलोमीटर दूर नव्या वसाहतींत पाठविले. ज्यांनी गाव सोडण्यास नकार दिला त्यांनी सरोवराच्या काठी आजचे वादी हाल्फा वसविले. कोयनेच्या वा उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना या इतिहासाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

वादी हाल्फाहून खार्टूमपर्यंत डोंगोलाच्या वाटेने नऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. आता ती वाट डांबरी आहे. पण या शतकाच्या पहिल्या दशकात तिच्यावर वाळू, दगड आणि मालमोटारींच्या चाकांनी उमटविलेल्या आडव्या नागमोडी वळ्या यांचेच राज्य होते, आणि त्या वळ्यांवरून सायकल चालविणाराच्या मनगटांची व बैठकीची काय दशा होते हे सांगण्यास सभ्य शब्द सापडत नाहीत. दुसरी वाट लोहमार्गाच्या कडेची. नाईलचे मोठे वळण टाळण्यासाठी ब्रिटिश सेनापती किचनेरने १८९७ साली वादी हाल्फापासून अबू हमादपर्यंत भर वाळवंटातून लष्करी रेल्वे टाकली. त्या मार्गावर वस्तीच नसल्यामुळे स्थानकांना नावे न देता नुसते क्रमांक दिले गेले, आणि क्रमांकाच्या एखाद्या स्थानकातील चार कर्मचाऱ्यांच्या पाण्यावर कित्येक परदेशी सायकलस्वारांनी पुढली मजल गाठली. बाभळीच्या जातीच्या झाडांचे काटे हे तिथले दुसरे संकट. ज्या झाडापासून साऱ्या जगाला डिंक मिळतो तेच झाड रबरी नळीचा काळ ठरते.

येथे उन्हाविषयी थोडे शास्त्र सांगतो, कारण त्याविना पुढचा मुद्दा नीट लागणार नाही. सायकल चालविताना शरीर जी शक्ती खर्च करते तिचा जेमतेम चौथा हिस्सा चाकास मिळतो आणि उरलेला सारा उष्णता होऊन अंगातच राहतो. ही उष्णता बाहेर टाकण्यास आपल्याकडे एरवी हवा असते. पण माणसाच्या कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास, आणि सुदानात मे-जून महिन्यांत हवा ४५ अंशांच्याही वर जाते, तेव्हा समोरून येणारा वारा अंग निवविण्याऐवजी ते तापवितो. मग एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम कातडीवर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि अशा उन्हात श्रम करणाराच्या अंगातून तासाला एक लिटर, प्रसंगी त्याहून अधिक घाम निघतो. हवा कोरडी असल्यामुळे तो दिसतसुद्धा नाही. सदऱ्यावर मिठाचे पांढरे नकाशे मात्र उमटतात. याचा सरळ अर्थ असा, की दिवसाला आठ-दहा लिटर पाणी पाहिजे, त्याबरोबर मीठही पाहिजे (नुसत्या पाण्याने रक्तातील क्षार विरळ होऊन माणूस भ्रमिष्ट होतो), आणि एवढ्या पाण्याचे ओझे दोन-तीन दिवसांसाठी वाहून नेणे सायकलीच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणजे सायकलस्वार कितीही स्वावलंबी असो, त्या मुलुखात तो दुसऱ्याच्या पाण्यावर जगतो.

आणि ते पाणी तेथे असते. सुदानात वस्तीच्या कडेला, रस्त्यालगत, एखाद्या झाडाखाली वा चार खांबांच्या छपराखाली मातीचे मोठाले रांजण मांडून ठेवलेले असतात. तेथे त्यांस झीर म्हणतात. रांजणावर झाकण, झाकणावर एक भांडे. ज्याला तहान लागली त्याने यावे, प्यावे, चालते व्हावे. कोणी वसुलीस उभा नाही, कोणी नाव विचारीत नाही, बहुधा पाणी भरणारा कोण हेही प्रवाशास कळत नाही. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या अंगावर वाळते आणि वाळताना आतले पाणी थंड करते; उन्हात श्रमणाऱ्या सायकलस्वाराप्रमाणे तो रांजणही आपल्या घामानेच थंड राहतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पाणपोई घालण्याची जी चाल आहे, मोहरमात मुंबईच्या गल्ल्यांतून ज्या सबिली लागतात, त्यांचेच हे बारमाही रूप. फरक इतकाच, की आपली पाणपोई बहुधा पेठेत असते आणि तिच्यावर देणगीदाराचे नाव असते. तेथील रांजणासाठी कित्येक ठिकाणी गाढवावर लांबून पाणी वाहून आणावे लागते आणि त्यावर नाव कोणाचेच नसते.

पाण्यामागोमाग अन्न येते. घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचे ‘फूल’ नावाचे कालवण, आंबविलेल्या पिठाची पातळ किसरा, आणि साखरेने दाट झालेला चहा. किसरा ज्वारीची. ज्या ज्वारीवर आपला अर्धा महाराष्ट्र वाढला, तिची शेती प्रथम ईशान्य आफ्रिकेत, पूर्व सुदानच्याच परिसरात झाली असे पुरातत्त्वज्ञ मानतात; तेव्हा सोलापूरच्या भाकरीचे आजोळ तिकडे आहे असे म्हटले तर ते केवळ सभारंजन होणार नाही. मध्यान्ही सावलीत थांबलेल्या परक्यास जेवल्यावाचून उठू न देणे हा तेथे शिष्टाचार आहे, आणि ज्यांच्या घरी उद्याची भ्रांत आहे असे लोकही तो पाळतात. सरकारचा शिरस्ता मात्र निराळा: दाखल झाल्यापासून तीन दिवसांत पोलीस कचेरीत नोंद करावी, शुल्क भरावे, शिक्का घ्यावा. पण अंमलदार देखील शिक्का मारण्यापूर्वी चहा मागवितो, असे अनुभव प्रवाशांनी नोंदविले आहेत.

धर्मादाय सायकलप्रवासाचे एक चांगले उदाहरण अ‍ॅलिस्टर हम्फ्रीज या इंग्रज तरुणाचे. ऑगस्ट २००१ मध्ये तो यॉर्कशायरमधील आपल्या घरून निघाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर पूर्वेकडील बेत बदलून तो आफ्रिकेकडे वळला, सुदान व इथिओपियामार्गे केपटाऊनला पोहोचला, आणि चार वर्षांत साठ देश व ४६,००० मैल मागे टाकून घरी परतला. ‘होप अँड होम्स फॉर चिल्ड्रन’ या, अनाथालयांतील मुलांना कुटुंबात घर मिळवून देणाऱ्या संस्थेसाठी तो वाटेत शाळाशाळांतून बोलला. स्वतःचा साऱ्या चार वर्षांचा खर्च त्याने सुमारे ७,००० पौंडांत, आपल्याच बचतीतून भागविला. एवढ्या थोड्या पैशात चार वर्षे निघतात कशी, याचे अर्धे उत्तर त्याची काटकसर. आणि उरलेले अर्धे उत्तर त्याच्या जमाखर्चात कोठे लिहिलेले सापडणार नाही, कारण ते वाटेवरच्या लोकांनी दिलेल्या पाण्याचे, भाकरीचे आणि रात्रीच्या आसऱ्याचे आहे.

याच्या उलट जो प्रकार बोकाळला आहे त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. संस्था प्रवास योजते, प्रत्येक सभासदाने अमुक एक रक्कम लोकांकडून जमवावी अशी अट घालते, आणि त्या रकमेतूनच त्याच्या विमानाचा, मुक्कामाचा, मागून येणाऱ्या मोटारीचा खर्च वजा होतो. देणाऱ्यास वाटते आपला पैसा रुग्णाकडे गेला. त्यातला लक्षणीय भाग गेलेला असतो सहलीकडे. ताळेबंद खुला असेल तर यात लबाडी नाही, हे मी मान्य करतो. पण ज्यास प्रवासाची हौस आहे त्याने ती पदरमोड करून भागवावी आणि दानाचा पैसा समूळ दानासच जाऊ द्यावा, या मताला मी चिकटून आहे. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ सालच्या जानेवारीत डंकर्कहून सायकलीवर निघून भर जुलैत दिल्लीस पोहोचली. तिने कोणाकडे वर्गणी मागितली नाही. प्रवास संपल्यावर ती धरमशाळेस गेली आणि तिबेटी निर्वासितांच्या मुलांची महिनोन्‌महिने शुश्रूषा करीत राहिली. दोहोंत मला तीच रीत श्रेष्ठ वाटते; पण सर्वांस ती साधेल असा माझा आग्रह नाही.

तात्पर्य, अशा प्रवासात पहिले दान सायकलस्वार देत नाही, तो घेतो. ज्या मुलुखास आपल्या वर्तमानपत्रांतून ‘दरिद्री’ या एका विशेषणाने निकालात काढले जाते, त्या मुलुखाने त्यास जगविलेले असते. त्याने पुढे जमविलेला निधी हा उपकार नसून परतफेड असते, आणि बहुतेक वेळा ती परतफेड भलत्याच पत्त्यावर जाते. सुदानच्या पाण्यावर चाललेल्या प्रवासाचा निधी सुदानास क्वचितच पोहोचला आहे.

आज ही गोष्ट केवळ तात्त्विक राहिलेली नाही. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्टूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले, आणि तेव्हापासून एक कोटीहून अधिक माणसे घरादारास मुकली. खार्टूम सोडून उत्तरेस पळालेले हजारो लोक याच वाटेने वादी हाल्फास आले आणि इजिप्तच्या परवान्याची वाट पाहत शाळांत, मशिदींत, उघड्यावर आठवडेच्या आठवडे पडून राहिले. सायकलस्वार आता तो देश वगळून जातात.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. पुढल्या वेळी पावतीपुस्तक घेऊन कोणी सायकलवीर आपल्या दारी आला, तर त्याचे स्वागत करा, पण दोन गोष्टी विचारा: प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि ज्या मुलुखातून जाणार त्या मुलुखाचा या निधीत वाटा किती. आणि सायकलवीराची वाट पाहण्याइतका धीर ज्यांस नसेल त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासित कार्यालयाकडे वा रेड क्रॉसकडे, सुदानच्या नावे, आपणांस जमेल ती रक्कम परस्पर पाठवावी.