चष्मे दोन, माणसे तीन

(दातांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या मदतनीस स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कष्टकरी स्त्रीच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्याला विडी वळणारीची छाती आठवते, शेतमजूर बाईची कंबर आठवते. स्वच्छ फरशीच्या, थंडगार दवाखान्यातही कामाचा धोका असतो हे चटकन मनात येत नाही. पण डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून सक्शनची नळी धरणारी, हत्यारे निर्जंतुक करणारी, पेशंटला धीर देणारी बहुतेक ठिकाणी बाईच असते. आज तिच्या डोळ्यांविषयी बोलायचे आहे.

पहिला लेझर १९६० साली तयार झाला. १९९० च्या दशकात तो दातांच्या दवाखान्यांत रुळू लागला. आता हिरडी कापायला, रक्त थांबवायला, कीड काढायलाही तो वापरतात. यांतील बहुतेक यंत्रे चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गात मोडतात. या वर्गाचा किरण थेट डोळ्यात गेला तर इजा होतेच; तोंडातल्या आरशावरून किंवा चकचकीत हत्यारावरून उसळला तरी होऊ शकते. तो उसळून डॉक्टरकडे जायचा की मदतनिसाकडे, हे पगारावर ठरत नाही!

लहानपणी आपण भिंगाने उन्हात कागद जाळलेला आहे. डोळ्यातही तसेच भिंग असते. ४०० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश ते मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, एकवटते आणि त्याची तीव्रता सुमारे एक लाख पट होऊ शकते. हिरडीसाठी वापरले जाणारे ८१० ते ९८० चे डायोड लेझर आणि १०६४ चा एनडी-याग लेझर याच पट्ट्यातले. हा किरण दिसत नाही. दिसतो तो फक्त जागा दाखवणारा लाल ठिपका. किरण दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि रेटिनाला वेदना कळत नाही म्हणून इजा झाल्याचेही लगेच समजत नाही. गेलेली नजर मात्र परत येईलच असे नाही. एर्बियम (२९४०) आणि कार्बन डायऑक्साइड (१०,६००) लेझर रेटिनापर्यंत पोचत नाहीत. ते बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात.

म्हणूनच ‘कुठलाही गॉगल घाल’ हे उत्तर चालत नाही. एका लेझरचा चष्मा दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही. काचेच्या रंगावरूनही काही कळत नाही. एर्बियमसाठीच्या काही काचा अगदी पांढऱ्या असतात. चष्म्यावर तरंगलांबीचा आकडा आणि ‘ओ. डी.’, म्हणजे किरण अडवण्याची ताकद, छापलेली असते. तो आकडा यंत्रावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. चष्मा नाकाशी आणि कानशिलाशी नीट बसला पाहिजे. मोठ्या चेहऱ्याच्या मापाची चौकट आपल्या चेहऱ्यावर घसरली, तर त्या फटीतून किरण आत येतो. काच तडकली, चरे पडले, की चष्मा बाद. सिमेंट कडक करणाऱ्या निळ्या दिव्याकडेही उघड्या डोळ्यांनी पाहू नये. त्यासाठी नारिंगी ढाल असते.

आता खरा प्रश्न. डॉक्टरांच्या भिंगाच्या चष्म्याला लेझरची फिल्टर काच लागते, पेशंटच्या डोळ्यांवर चष्मा चढतो. तिसरीने काय करायचे? मान वळवायची? मान वळवून सक्शन धरता येत नाही. ‘महाग आहे’ असे सांगितले जाते. मग यंत्र स्वस्त होते का?

कायद्याचा आधारही इथे तोकडा पडतो. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी आहे. एक डॉक्टर आणि दोन मुली असलेला दवाखाना तिच्या बाहेर राहतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहापेक्षा कमी माणसांच्या जागांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ती सोय आपल्या चळवळीने लावून धरलेल्या प्रश्नातूनच आली. डोळ्यांसाठी तशी दाद मागायची जागा का नसावी?

तोवर चार गोष्टी आपण मागू शकतो. खोलीत जितकी माणसे तितके चष्मे, आणि ते मालकाच्या खर्चाने. लेझर चालू असताना दारावर पाटी, दार बंद. सर्वांनी चष्मा घातल्याशिवाय पायपट्टीवर पाय नाही. आणि यंत्र कसे चालते याची माहिती मदतनिसालाही. कधी डोळ्यावर किरण आल्याचा संशय आला, काळा ठिपका किंवा धूसर दिसू लागले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. लेझरचे नाव, तरंगलांबी, तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

एकटीने मागितले तर ‘फार शहाणी झाली’ असे ऐकावे लागेल, कदाचित कामही जाईल. म्हणून एका भागातल्या मदतनिसांनी मिळून एकच लेखी मागणी करावी आणि ती डॉक्टरांच्या संघटनेकडे न्यावी. डॉक्टरांशी आपले वैर नाही. लेझर वापरणाऱ्याच्या डोळ्यांचे रक्षण करा, हे त्यांच्या शिक्षणातच आहे. वापरणाऱ्यांत सक्शन धरणारा हातही मोजा, एवढेच आपले म्हणणे आहे.