बाजारातले झाड कोणाचे?



आज आम्ही तुमच्याशी झाडांविषयी बोलणार आहोत. शेतातल्या आणि बांधावरच्या झाडांविषयी नव्हे. ती कशी राखायची, हे तुम्ही आम्हालाच शिकवाल. आज बोलायचे आहे ते तालुक्याच्या गावातल्या झाडांविषयी. रस्त्याकडेची झाडे, एस. टी. स्टँडावरची झाडे, बाजारतळावरची झाडे.

तुम्ही म्हणाल, “ती झाडं शहरवाल्यांची. आमचा काय संबंध?”

संबंध आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी बारा वाजता काय होते ते आठवा. घरवाल्याला घराची सावली असते. दुकानदाराला दुकानाची असते. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला कोणाची सावली? गाडीची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याला कोणाची? झाडाची. म्हणजे शहरातल्या झाडाची खरी गरज खेड्यातून आलेल्या माणसालाच जास्त.

आणि त्या झाडाला आपण कसे वागवतो? दुकानाची ताडपत्री बांधायची, तर ठोक झाडाला खिळा. जाहिरात लावायची, तर ठोक खिळा. बाजार उठला की पाला, कागद, चिंध्या झाडाच्या बुंध्याशी लोटायच्या आणि पेटवून द्यायच्या. शेळीला चारा हवा, तर ओरबाड फांदी. कोणी विचारीत नाही. का? तर झाड सरकारी! सरकारी म्हणजे जणू बेवारस!

दुसऱ्यांना कशाला नावे ठेवावी? आमच्या साक्षरता वर्गाची पाटी आम्ही पहिल्यांदा लावली, ती बाजारतळावरच्या कडुनिंबालाच. चार इंची खिळे ठोकून लावली. लोकांना शहाणे करायला निघालो होतो, आणि झाडाला खिळे ठोकीत होतो!

झाड कसे जगते, ते थोडक्यात ऐका. जमिनीतले पाणी खोडाच्या लाकडातून वर जाते. पाने उन्हाच्या बळावर अन्न तयार करतात. ते अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे येते. म्हणून खोडाभोवती सालीचा पट्टा काढला किंवा जाळला, की मुळांचे जेवण बंद होते. झाड लगेच मरत नाही. काही काळ हिरवेच दिसते. मग हळूहळू वाळते. तोवर आग कोणी लावली, ते सगळे विसरलेले असतात.

आपल्याला जखम झाली तर ती भरून येते. झाडाचे तसे नाही. झाडाची जखम भरत नाही. तिच्यावर नवे लाकूड वाढते आणि ती झाकली जाते. झाकली जाण्याआधी पाणी आणि बुरशी आत शिरली, तर आतून लाकूड कुजू लागते. एका खिळ्याने झाड मरत नाही हे खरे. पण एकेका झाडाला वर्षानुवर्षे किती खिळे बसतात, ते बाजारात गेल्यावर मोजून बघा.

मुळांचीही एक गोष्ट आहे. आपल्याला वाटते, सगळी मुळे पाताळात गेलेली असतात. तसे नाही. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच पसरलेली असतात. त्यांना पाणी लागते तशी हवाही लागते. रस्ता चांगला दिसावा म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट ओतले, की मुळे गुदमरतात. दिल्ली शहरात हे फार झाले होते. तेव्हा २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने हुकूम दिला, की झाडाभोवती एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढा, आणि झाडांवरचे खिळे व पाट्याही काढा.

आता कोणी म्हणेल, “झाडाला हातच लावायचा नाही का? उद्या ते अंगावर पडलं म्हणजे?”

प्रश्न रास्त आहे. झाड पडते आणि माणूस दगावतो, हे आपण ऐकतो. म्हणून झाड राखणे म्हणजे त्याला नुसते सोडून देणे नव्हे. पावसाळ्याच्या आधी झाड बघावे लागते. वाळलेल्या फांद्या काढाव्या लागतात. बुंध्याशी अळंबी उगवली आहे का? झाड अचानक एका बाजूला कलले आहे का? एका बाजूची माती भेगाळून वर आली आहे का? ही धोक्याची चिन्हे आहेत. ती दिसली की लगेच नगरपालिकेला कळवावे.

फांदी तोडायचीही रीत आहे. वरून एकदम घाव घातला, की फांदी आपल्या वजनाने मोडते आणि खोडाची साल सोलून नेते. म्हणून खोडापासून हातभर लांब, आधी खालून थोडी करवत चालवायची. मग त्याच्या जरा पुढे वरून कापायचे. फांदी पडली, की उरलेले खुंट कापून टाकायचे. फांदीच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो, तो मात्र ठेवायचा. तिथूनच झाड जखम झाकते. आणि झाडाचा सगळा शेंडा छाटून त्याला बोडके कधी करू नये. नंतर जे धुमारे येतात त्यांचा जोड कच्चा असतो. वादळात तेच मोडतात.

आता कायद्याचे बघू. शहरांतल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला. नगरपालिकेने वृक्ष अधिकारी नेमावा, दर पाच वर्षांनी झाडांची मोजणी करावी, आणि परवानगीवाचून कोणी झाड तोडू नये, असे तो सांगतो. जाळणे किंवा इजा करणे हेही या कायद्यात तोडण्यातच धरले आहे. त्याला दंड आहे, कैदही आहे. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड वारशाचे मानले गेले. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावी, असेही ठरले.

पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. झाड तोडायचे असेल, तर आधी जाहीर नोटीस काढावी लागते. ती वर्तमानपत्रात छापावी लागते, आणि त्या झाडावरही लावावी लागते. लोकांची हरकत असेल तर ती ऐकावी लागते. ज्याला वाचता येते, त्याच्यासाठी हा कायदा आहे. ज्याला येत नाही, त्याच्यासाठी तो नुसता चिकटवलेला कागद!

आमच्या वर्गात भाजी विकणाऱ्या एक मावशी येत. बाराखडी संपवून त्या जोडाक्षरांपर्यंत आल्या होत्या. एका बाजारी त्या धापा टाकीत आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, आपल्या लिंबावर कागद लावलाय. ‘वृक्ष’ वाचलं, ‘तोडणे’ वाचलं. पुढचं काय लागंना. चला बघा.”

गेलो. कागद दोन झाडांवर होता. एक चिंच आणि एक तो कडुनिंब. रस्त्याच्या कामासाठी दोन्ही तोडायची होती. हरकतीला थोडेच दिवस उरले होते. बाजारात तितके लोक रोज बसतात, पण कागद कोणी वाचला नव्हता.

त्या रात्री वर्गात धडा झाला नाही. सर्वांनी मिळून अर्ज लिहिला. तो असा होता:

“वृक्ष अधिकारी, नगरपरिषद, यांस. बाजारतळावरील कडुनिंबाखाली आम्ही बसतो. दुसरी सावली नाही. झाड निरोगी आहे. ते तोडण्यास आमची हरकत आहे. कृपया समक्ष येऊन पाहावे.”

खाली एकवीस सह्या झाल्या. अंगठा एकही नव्हता.

अधिकारी आले. त्यांनी दोन्ही खोडे ठोकून पाहिली. चिंचेचे खोड आतून पोकळ झाले होते. बुंध्याशी हात घातला तर भुगा हाती आला. तिथे वर्षानुवर्षे कचरा जाळला जात होता. तो कोणी जाळला? बाजारात बसणाऱ्या आपणच. चिंच वाचली नाही. आम्हीही हट्ट धरला नाही, कारण तिच्याखाली उद्या कोणाचे तरी लेकरू बसले असते. कडुनिंबाची एक वाळकी फांदी काढली. रस्ता थोडा सरकवला. कडुनिंब उभा आहे.

आमची पाटी आम्ही त्याच दिवशी काढली. आता ती दोन बांबूंवर उभी आहे. खिळ्यांची भोके मात्र खोडावर अजून दिसतात.

ही रीत काही नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितले आहे, की आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते न्यावे. त्या काळी धन्याला विचारीत. आज बाजारातल्या झाडाचा धनी कोण? आपण सगळे. नोटीस लावतात ती आपल्याला विचारण्यासाठीच. पण धन्याने उत्तर तर दिले पाहिजे!

तेव्हा मंडळी, पुढच्या बाजाराला गेलात, की एवढे करा. झाडाला खिळा ठोकू नका, ताडपत्री बांबूला बांधा. बुंध्याशी कचरा पेटू देऊ नका. उन्हाळ्यात लहान रोपाला उरलेले पाणी घाला. आणि झाडावर कागद दिसला, तर थांबा. तो वाचा. शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

तुम्हाला आता वाचता येते. हे विसरू नका.

रामराम.