गिरणीचे कुंपण

इंदूरच्या हुकुमचंद मिलचा भोंगा १९९१ च्या डिसेंबरात कायमचा थांबला. तेथील कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागला तो २०२३ च्या डिसेंबरात. सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांची रक्कम ठरली, तोवर बत्तीस वर्षे लोटली होती आणि ती हाती पडावी एवढे आयुष्य कित्येकांना लाभले नव्हते. ज्या वर्षी ही गिरणी बंद पडली त्याच वर्षी रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञास नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु कोस यांनी १९३७ साली एका निबंधात जो प्रश्न विचारला, तो साऱ्या गिरणगावांच्या इतिहासाच्या मुळाशी आहे. बाजारात सर्व काही विकत मिळत असता उद्योगसंस्था मुळात निर्माण व्हावीच का, आणि झाली तर तिचे कुंपण कोठे संपावे, असा तो प्रश्न होता.

श्रोत्यांच्या घरातलेच उदाहरण घ्यावे. पापड घरी लाटावयाचे की विकत आणावयाचे, हे गृहिणी केवळ किमतीवरून ठरवीत नाही. चांगला माल कोणाकडे मिळेल याचा शोध, भावाची घासाघीस, मालाच्या खरेपणाविषयी शंका, वेळेवर मिळेल की नाही ही धास्ती, हा बाजाराचा खर्च किमतीत दिसत नाही. उलट घरी करावयाचे तर माणसे जमविणे आले, देखरेख आली, साठवण आली. हे दोन्ही खर्च जेथे सारखे होतात, तेथे संस्थेचे कुंपण पडते. नवे यंत्र आले की या तराजूचे एखादे पारडे हलते आणि त्याबरोबर कुंपणही हलते.

कापडाचा धंदा हे याचे उत्तम उदाहरण आहे. यंत्रयुगापूर्वी व्यापारी सूत देई, विणकर आपल्या घरी आपल्या मागावर विणी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेव येथे गिरणी चालू झाली. वाफेचे एंजिन लहान प्रमाणावर परवडत नाही. एक एंजिन, त्याने फिरणारा लांबच लांब दांडा, त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राकडे जाणारे पट्टे, अशी ती रचना होती. दांडा जेथवर पोहोचेल तेथवरच यंत्र चालणार. म्हणून यंत्रे एका छपराखाली आली, यंत्रांमागून माणसे आली आणि माणसांमागून चाळी उभ्या राहिल्या. कताई आणि विणाई एकाच मालकाच्या आवारात नांदू लागली.

विजेच्या मोटरीने हा दांडा मोडून काढला. प्रत्येक मागाला स्वतःची मोटर बसविता येऊ लागली, तेव्हा एक माग आणि हजार माग यांतील अंतर पूर्वीइतके दुस्तर राहिले नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. पुढे वीज सुलभ झाली तशी तेथे, भिवंडीत आणि मालेगावात घरोघरी, गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला. गिरणी मात्र सरसकट फुटली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सूतगिरण्या मोठ्याच राहिल्या. सुताला खळ देण्याचे सायझिंगचे यंत्र अनेक मागांना पुरते, म्हणून त्याचे स्वतंत्र कारखाने निघाले. बॉयलर आणि पाणी ज्याला विपुल लागते ते रंगाईचे कामही लहान घरात मावले नाही. विणाई तेवढी कुंपणाबाहेर पडली.

याचे सारे श्रेय वा दोष यंत्रास देणे योग्य होणार नाही. मोठ्या गिरण्यांवरील कराचा बोजा, १९४८ च्या कारखाने कायद्यातून लहान कारखान्यांना मिळालेली मोकळीक आणि १९८२ चा मुंबईतील प्रदीर्घ संप, या सर्वांनी त्या ओघाला बळ दिले. तथापि विजेने वाट करून दिली नसती, तर या कारणांना वळण्यास दुसरी दिशाच नव्हती.

त्यातच दळणवळणाची साधने पालटली. दूरध्वनी आणि पुढे खिशातला मोबाइल यांमुळे बाजाराचा खर्च उतरला. सूत कोठे आहे, कोणाचे माग रिकामे आहेत, माल कधी निघेल, हे व्यापाऱ्यास पेढीवर बसून कळू लागले. इचलकरंजीत 'खर्चीवाला' म्हणून जो यंत्रमागधारक ओळखला जातो, त्याचे माग त्याचे स्वतःचे, वीजबिल त्याचे, सूत मात्र व्यापाऱ्याचे. तो मजुरीवर विणून देतो. व्यापाऱ्यास एकही माग न बाळगता शेकडो मागांचे कापड मिळते. तात्पर्य, मालकीचे कुंपण आखडले, हुकमतीचे आखडले नाही. मंदी आली की पूर्वी थांबलेल्या मागाचा भार गिरणीमालकावर पडे. आता तो खर्चीवाल्यावर आणि त्याच्या मागावर उभ्या असलेल्या कामगारावर पडतो.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही नाही. हवेच्या झोताने आडवा धागा फेकणारे धोट्याविना चालणारे माग आज आले आहेत. ते महाग आहेत आणि त्यांना दाबलेली हवा अखंड लागते. ती हवा पुरविणारे यंत्र एका मागासाठी परवडत नाही. वाफेच्या दांड्याची जागा हवेच्या नळाने घेतली आणि माग पुन्हा मोठ्या छपराखाली गोळा होऊ लागले.

कुंपण असे पुढेमागे होतच राहणार. यंत्र ते हलविते, परंतु कुंपणाबरोबर जबाबदारीने कोठे जावे, हे यंत्र सांगत नाही. ते समाजाने आणि कायद्याने ठरवावयाचे असते. हुकुमचंद मिलच्या कामगाराला बत्तीस वर्षे थांबावे लागले, ही लाजिरवाणी गोष्ट खरीच. तरीही तो गिरणीच्या हजेरीपटावर होता. त्याचे देणे किती व ते कोणाकडून यावयाचे, हे कागदावर लिहिलेले होते. ज्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्या मागावरच्या माणसाने आपला हिशेब कोणाच्या दारी मागावा?