जुन्या टीव्हीला नवा डबा : घेताना काय पाहावं?

(सोसायटीतील ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर करून दिलं आहे.)



मागच्या बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, "नाना, पुढच्या वेळी सेट टॉप बॉक्सवर तुम्ही बोला." मी म्हटलं, मी इंजिनिअर नाही, बँकेतला माणूस. तर म्हणाले, "म्हणूनच बोला. फॉर्मवरची बारीक अक्षरं वाचायची सवय तुम्हालाच आहे." तेव्हा आज जे सांगणार आहे ते एका गिऱ्हाईकाने दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगावं तसं समजा.

आपल्या सोसायटीत अजून सात-आठ घरांत मागे फुगा असलेले जुने टीव्ही आहेत. पिक्चर ट्यूबचे. पोरं म्हणतात, भंगारात द्या. पण ज्याचं चित्र अजून स्वच्छ आहे, आवाज खणखणीत आहे, तो भंगारात का द्यायचा? टीव्ही चांगला आहे. त्याच्याकडे येणारा सिग्नल बदलला आहे. हा मुद्दा आधी नीट समजून घेऊ.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. १९८७ मध्ये रामायण सुरू झालं तेव्हा गच्चीवरचा अँटेना फिरवायला एक जण वर आणि "आलं, आलं, थांब!" म्हणून ओरडायला एक जण खाली, हे तुम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. तो सिग्नल ॲनालॉग होता आणि आपले जुने टीव्ही त्याच्यासाठीच बनलेले होते.

पुढे केबलवाले आले. मग २०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ॲनालॉग केबल टप्प्याटप्प्याने बंद करायची असं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबईसारखी महानगरं, ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्यात पुणे, नागपूर, नाशिक वगैरे, ३१ मार्च २०१३. तिसऱ्यात आपल्या धरणगावसारखी नगरपालिकेची गावं, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५. ती कोर्टकचेऱ्यांत आणखी पुढे सरकली. चौथ्यात खेडीपाडी. इकडे दूरदर्शननेही आपले बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद केले. म्हणून आता गच्चीवरचा तो जुना काड्यांचा अँटेना कपडे वाळत घालण्यापुरताच उरला आहे. मध्यंतरी एक आजी मला विचारत होत्या, "भाऊ, मन्हा टीव्हीले काय व्हयनं?" टीव्हीला काहीच झालेलं नव्हतं. नवा सिग्नल त्याला वाचता येत नाही, तो वाचून द्यायला मध्ये दुभाष्या लागतो. तो दुभाष्या म्हणजे हा डबा.

आता डबा घेण्याआधी करायचं पहिलं काम. दुकानात जाऊ नका, टीव्हीच्या मागे जा. तिथे तीन गोल भोकं दिसतात का पाहा : पिवळं, पांढरं, लाल. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. काही टीव्हींना पिवळं आणि पांढरं एवढंच असतं, तरी चालतं. ही भोकं असतील तर तुमचं काम सोपं आहे. फक्त अँटेनाचं एकच भोक असेल, तर अँटेनाच्या वायरीतून चित्र देणारा डबा लागेल, नाहीतर मॉड्युलेटर नावाची छोटी डबी वेगळी घ्यावी लागेल. मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो काढा आणि दुकानदाराला तो दाखवा. टीव्हीचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबला फार मोठा व्होल्टेज असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत काही काळ टिकून राहतो.

दुसरं, डब्याच्या मागे बघा. बऱ्याच नव्या डब्यांवर एचडीएमआय असतं, ते आपल्या टीव्हीला लागत नाही. आपल्याला एव्ही आउट हवं. काही डब्यांवर त्यासाठी हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, त्याची तीन रंगांची वायर वेगळी मिळते. ती वायर खोक्यात आहे का, हे पैसे देण्याआधी पाहा. आणि एचडी पॅकेज गळ्यात मारलं तर घेऊ नका. पिक्चर ट्यूबवर एचडीचा काही फायदा दिसत नाही, पैसे मात्र जास्त जातात.

कुणाचे चिरंजीव अमेरिकेत असतील तर एक सांगतो. तिथे १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. त्याआधी सरकारने डबा घ्यायला घरटी ४० डॉलरची दोन कूपनं दिली होती. पण तिथला डबा इथे आणू नका. त्यांची पद्धत वेगळी, आपली वेगळी. तो इथे शोपीस म्हणून ठेवावा लागेल.

तिसरा प्रश्न, सिग्नल कुठून घ्यायचा? आपल्याकडे तीन वाटा आहेत.

पहिली केबल. छत्री नको, तक्रार असेल तर माणूस गावातलाच. पण महिन्याला पैसे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी पद्धत आली, तेव्हा १०० साध्या चॅनेलसाठी १३० रुपये अधिक जीएसटी आणि पैशाच्या चॅनेलचे वेगळे, असं होतं. पुढे नियम बदलत गेले, पण एक तत्त्व कायम आहे : चॅनेल आपण निवडायचे. ऑपरेटर देईल ते पॅकेज निमूटपणे घेऊ नका, यादी मागा.

दुसरी वाट खासगी कंपनीची छत्री. चॅनेल भरपूर, रिचार्ज घरबसल्या. पण एका कंपनीचा डबा सहसा दुसरीकडे चालत नाही, आणि रिचार्ज संपला की पडदा काळा.

तिसरी वाट दूरदर्शनची, डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली. छत्री, डबा, वायर यांचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं शून्य. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, काही खासगी चॅनेल आहेत. पण खासगी चॅनेलना तिथली जागा लिलावाने मिळते. म्हणजे आज दिसणारा चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. वहिनींची एखादी ठरावीक मालिका असेल, तर ती तिथे दिसते का हे आधी पाहा, नाहीतर घरात शांतता राहणार नाही. डबा घेताना एमपेग-४ चा मागा. तो जुने एमपेग-२ चे चॅनेलही दाखवतो, उलट मात्र होत नाही.

बँकेची सवय म्हणून हिशेब मांडतो. महिन्याला २५० रुपये धरले, तर वर्षाचे ३,०००, तीन वर्षांचे ९,०००. ज्यांचं पेन्शन तुटपुंजं आहे त्यांनी ही बेरीज कागदावर मांडावी आणि आपण रोज खरोखर किती चॅनेल पाहतो ते त्याच्या शेजारी लिहावं. माझ्या घरी ते पाच निघाले.

छत्रीचं एक पथ्य. फ्री डिशचा उपग्रह आपल्या गावातून आग्नेयेला, बराच वर दिसतो. त्या दिशेला शेजारच्याची पाण्याची टाकी किंवा लिंबाचं झाड आडवं येत असेल, तर छत्री सरकवावी लागते. झाड तोडायची भाषा करू नका. दोन घरांत बोलणं बंद झाल्याचं मी पाहिलेलं आहे. जोराच्या पावसात चित्र थोडा वेळ जातं, तो डब्याचा दोष नाही.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. आमच्या ओळीत एक आजी एकट्या राहतात. मुलांनी प्रेमाने मोठा स्मार्ट टीव्ही आणला आणि जुना माळ्यावर टाकला. नव्याला वायफाय लागतं, पासवर्ड लागतो, दोन रिमोट लागतात. मुलं परत गेली आणि दोन महिने आजींनी टीव्ही लावलाच नाही. विचारलं तर म्हणायच्या, "डोळे दुखतात." डोळे दुखत नव्हते. पुन्हा पुन्हा कुणाला विचारायचं, याची लाज वाटत होती. शेवटी शेजारच्या कॉलेजच्या मुलाने जुना टीव्ही खाली उतरवला, फ्री डिशचा डबा लावला आणि रिमोटच्या तीन बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले : चालू-बंद, आवाज, चॅनेल. आता संध्याकाळी सातला त्यांच्या घरातून बातम्यांचा आवाज येतो.

म्हणून मुलांना आणि सुनांना हात जोडून सांगतो, आई-वडिलांसाठी डबा घेताना चॅनेल मोजू नका, बटणं मोजा. डबा त्यांच्याच हातात देऊन त्यांच्याकडून चारदा लावून घ्या. आणि त्यांनी पाचव्यांदा विचारलं तर चिडू नका. तुम्हाला पाढे शिकवताना त्यांनी मोजलं नव्हतं.

टीव्ही खरोखरच बिघडला असेल, तर तो कचऱ्याच्या गाडीत किंवा नाल्यात टाकू नका. त्या काचेत शिसं असतं. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडेच द्या. सोसायटीने वर्षातून एकदा असे सामान एकत्र गोळा करावं, अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना अशी. आपल्या तरुण मंडळींपैकी दोघांनी महिन्यातला एक रविवार सकाळचा तास ज्येष्ठांच्या घरच्या डब्यांसाठी, रिमोटसाठी, मोबाइलसाठी द्यावा. चहा आमच्याकडे. पोहे हवे असतील तर आधी कळवा. ही सूचना कार्यकारिणीने इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, एवढी विनंती करतो.