हसत जा, हसण्यावारी नेऊ नका

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या विषयावर बोलायला नेहमी डॉक्टरांना बोलावतात. या वर्षी कार्यकारिणीने रुग्णाला बोलवायचे ठरवले. रुग्ण म्हणून माझा अनुभव नऊ वर्षांचा आहे. शिक्षणाने मी डिप्लोमा इंजिनिअर आणि नोकरी रेल्वेत, रुळांच्या देखभालीची. त्यामुळे औषधांविषयी मी एक अक्षर बोलणार नाही. मी बोलणार आहे ते डॉक्टरांकडे जाण्याविषयी. मधुमेहात गोळी घ्यायला दोन मिनिटे पुरतात, पण डॉक्टरांकडे जाणे हा एक जोडधंदाच होऊन बसतो!

आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे, तसे ते तुमच्याही घरी असेलच. संकष्टी, एकादशी, दुधाचा हिशेब आणि गॅस सिलिंडरची तारीख यांच्या जोडीला आमच्या सौ. त्यावर माझ्या तपासण्याही लिहितात. जागा कमी म्हणून एकेकच शब्द लिहिलेला असतो. गावाहून आलेल्या आमच्या आत्याबाईंनी एकदा ते सगळे वाचून विचारले, "अगं, बारा तारखेला 'डोळे' आणि एकोणीसला 'पाय', हे इकडच्या कानडी लोकांचे सण का गं?" सौ. म्हणाल्या, "नाही आत्या, हे आमच्या ह्यांचे सण. वर्षभर चालतात आणि दक्षिणाही द्यावी लागते."

या शहरात आपण बाहेरून आलेली माणसे, त्यामुळे दवाखान्यात भाषेचीही गंमत होते. रक्त द्यायला गेलो की तिथली सिस्टर विचारते, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झाले का? नवीन होतो तेव्हा मराठी कानांना त्यातला 'आयता' तेवढा कळला. म्हटले, वा, इथे आयते जेवण मिळते वाटते! तसे काही नव्हते. जेवणानंतर दोन तास झाले की नाहीत, एवढेच तिला हवे होते. भाषेचा हा घोटाळा मराठीतल्या मराठीतही होतो बरं का. आपल्याच एका काकू, नाव सांगत नाही, कारण त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत, 'फास्टिंग'च्या तपासणीला साबुदाण्याची खिचडी खाऊन गेल्या होत्या. "उपवासच सांगितला होता ना? मग उपवासाचंच खाल्लं!" त्या दिवशीचा आकडा पाहून प्रयोगशाळेने यंत्र दुरुस्तीला काढले म्हणतात.

आता विभागांची कथा ऐका. माझे रेल्वेतले सहकारी इथे बसले आहेत, त्यांना हे लगेच पटेल. गाडी उशिरा आली की सगळे विभाग एकत्र बसतात. आम्ही रूळवाले म्हणतो, आमचे रूळ ठीक. सिग्नलवाले म्हणतात, आमचे सिग्नल ठीक. इंजिनवाले म्हणतात, आमचे इंजिन ठीक. सगळे ठीक, फक्त गाडी उशिरा! माझ्या शरीराचे तसेच आहे. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, हृदय उत्तम. मूत्रपिंडाचे डॉक्टर म्हणतात, तूर्त काळजी नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, पडदा स्वच्छ आहे. दातांचे डॉक्टर तेवढे "हम्म" म्हणतात आणि पुढची तारीख देतात. मग संध्याकाळी जो माणूस थकून सोफ्यावर पडलेला असतो, तो नेमका कोणाच्या विभागात येतो?

रेल्वेत यावर उपाय आहे. तिथे सेक्शन कंट्रोलर असतो. त्याला इंजिन दुरुस्त करता येत नाही की रूळ बदलता येत नाही, पण कोणती गाडी कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. आपल्या शरीराचा सेक्शन कंट्रोलर आपणच व्हायचे. प्रत्येक तज्ज्ञाला आपला अवयव दिसतो. कोणत्या डॉक्टरांनी कोणती गोळी वाढवली आणि कोणी कोणती बंद केली, हा सगळा तक्ता एका कागदावर आपल्याच खिशात हवा.

इथपर्यंत तुम्ही हसलात, मला आनंद झाला. आता थोडे गंभीर बोलतो.

पायांच्या तपासणीला गेलो असताना बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते. बेळगावकडचे, सेवानिवृत्त, मराठी ऐकून खुलले. त्यांच्या एका पायाची दोन बोटे नव्हती. स्वतःच सांगू लागले, "चपलांच्या दुकानात मी सवलत मागतो हो, माल कमी लागतो म्हणून!" मी हसलो. मग ते म्हणाले, "साहेब, खडा रुतला होता, पण दुखलंच नाही. दुखलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो. घरात कुणी म्हणालं, दाखवा, तर मी एक विनोद करायचा आणि विषय संपवायचा. विनोद मला पहिल्यापासून चांगले जमतात."

मंडळी, त्या शेवटच्या वाक्यासाठी मी आज हे भाषण करतो आहे. आपण मराठी माणसे विनोदावर वाढलेली. पण आजारपणात विनोद दोन प्रकारचा असतो. एक विनोद आपल्याला दवाखान्याच्या दारापर्यंत नेतो, रांगेत दोन तास बसायचे बळ देतो. दुसरा विनोद आपल्याला घरी बसवतो. "अहो, एका मोदकाने काय होतंय!", "डॉक्टरांचीही पोटं भरायला हवीत ना!", "आमच्या आजोबांनी कधी साखर तपासली होती?" हे सगळे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्यात माणूस हसत जातो. दुसऱ्यात तो आजार हसण्यावारी नेतो.

आणि मधुमेह हा हसण्यावारी नेण्यास फारच सोयीचा आजार आहे, कारण तो सुरुवातीला दुखत नाही. आमच्या रुळांचेही असेच असते. वरून रूळ चकचकीत दिसतो, गाड्या धावत असतात, पण आत पोटात बारीक चीर पडलेली असते. थंडीच्या पहाटे रूळ आकुंचन पावतो आणि नेमका तिथेच तुटतो. म्हणून आम्ही ध्वनिलहरींच्या यंत्राने ठराविक मुदतीने रूळ तपासतो, काही तक्रार नसताना तपासतो. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ही अगदी अशीच. नजर छान असते, पेपर वाचता येतो, आणि तरीही पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडायला लागलेल्या असू शकतात. लघवीतले अल्ब्युमिन वाढते तेव्हाही माणसाला काही जाणवत नाही. पायाला नायलॉनचा धागा टेकवून "लागतं का?" विचारतात, तो प्रकार पोरखेळ वाटतो. पण ज्याला लागत नाही, त्याला ते धाग्यावरून कळलेले बरे, खड्यावरून नको.

आपण एकटे नाही हेही लक्षात घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठिंब्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर उभे आहेत. राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे प्रौढ माणसांत साधारण चारांमागे एक. गोव्याकडची मंडळी इथे आहेत, त्यांनी उगाच आजूबाजूला बघू नये, आम्ही उरलेलेही फार मागे नाही.

गणेशोत्सवाच्या मांडवात उभा आहे म्हणून एक गोष्ट सांगतो. ज्यांनी १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले, त्या लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते. त्या काळी या आजारावर पथ्य हाच मुख्य उपाय. रोजचा भात आणि पोळी सोडून ते सातूच्या पिठावर राहिले. त्याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. ते १९१५ मध्ये छापून आले. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. माणसाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरांटो शहरात, लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. तीन महिन्यांची साखर एका आकड्यात सांगणारी चाचणी तर त्यानंतर कित्येक दशकांनी आली. लोकमान्यांना मिळू शकली नसती अशी तपासणी आपल्याला रिक्षाच्या अंतरावर मिळते, आणि आपली तक्रार काय, तर टोकन नंबर सत्तेचाळीस आहे!

तेव्हा हे टोकन सुसह्य कसे करायचे, याचे माझे चार नियम सांगतो. इंजिनिअरचे आहेत, म्हणून अगदी साधे आहेत.

पहिला नियम मेगाब्लॉकचा. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे. मार्ग एकदाच बंद करायचा आणि जमतील तितकी कामे त्यात उरकायची. तपासण्यांचेही तसेच करावे. तीन डॉक्टरांनी तीन वेळा रक्त तपासायला सांगितले, तर आधी विचारावे, की हे सगळे एकाच सकाळी, एकाच सुईत होईल का? पुष्कळदा होते. सुई वाचते, रजा वाचते आणि उपाशीपोटी होणारी चिडचिडही वाचते. घरच्यांचा तर सगळ्यांत मोठा फायदा हाच.

दुसरा नियम तीन प्रश्नांचा. डॉक्टरांसमोर बसले की माणूस सगळे विसरतो आणि लिफ्टमध्ये शिरताच सगळे आठवते. म्हणून आदल्या रात्री तीन प्रश्न कागदावर लिहावेत. तीनच. दहा प्रश्न घेऊन गेलात तर डॉक्टर घड्याळाकडे बघतात. त्यांच्या दाराबाहेर सत्तेचाळीस टोकने बसलेली असतात, त्यांचेही बरोबर आहे.

तिसरा नियम सोबतीचा. डोळ्यांच्या तपासणीला एकट्याने जाऊ नये. थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होतात, पुढचे काही तास ऊन सोसत नाही आणि जवळचे नीट दिसत नाही. गाडी चालवायची नाही. २०११ पासून आपल्या इंदिरानगरला मेट्रो आहे, तिने यावे. या थेंबांचा एक फायदा मात्र सांगतो. त्या दिवशी दवाखान्याचे बिल वाचता येत नाही, त्यामुळे ते शांत मनाने भरता येते. आकडा सोबत आलेल्या माणसाला दिसतो. सोबत न्यायची ती एवढ्यासाठीच!

चौथा नियम, सल्ले ऐकावेत, पण औषध बदलू नये. मधुमेह झाला की कारल्याचा रस, मेथ्या आणि जांभळाच्या बिया घेऊन सगळी सोसायटी मदतीला धावते. सर्वांचे आभार मानावेत. कारल्याची भाजी चांगलीच असते, जरूर खावी. पण गोळी बंद करायची की नाही, हे ज्यांनी ती सुरू केली त्यांनाच विचारावे. रुळावर वेगमर्यादा घातली की ती काढायचा अधिकारही ठराविक माणसालाच असतो. स्टेशनवरच्या चहावाल्याच्या सांगण्यावरून आम्ही ती काढत नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

वेगमर्यादेवरून आठवले. दीर्घ आजार झाला की माणसाला वाटते, आता संपले. रेल्वेत मला असे मार्ग माहीत आहेत, जिथे पुलावर किंवा वळणावर कायमची वेगमर्यादा असते. ड्रायव्हर तिथे वेग कमी करतो आणि पुढे जातो. त्या मार्गावरून वर्षानुवर्षे गाड्या जातात आणि वेळेवर पोहोचतात, कारण ती वेगमर्यादा वेळापत्रकातच धरलेली असते. आपणही ती आपल्या वेळापत्रकात धरावी. म्हणून आमच्या कालनिर्णयावर 'डोळे' आणि 'पाय' संकष्टीच्या शेजारी लिहिलेले असतात.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न, मोदकाचा. तुमच्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो मघापासून दिसतो आहे. "गुळाचा आहे, चालतो" असे म्हणणाऱ्या वहिनींना मी विनम्रपणे सांगतो, की गुळाचीही शेवटी साखरच होते. साखरेला आपला धर्म कळतो, आपली श्रद्धा कळत नाही. मी माझ्या डॉक्टरांना विचारूनच एक मोदक घेतो, त्या जेवणातला भात सोडतो आणि तो एक मोदक दहा मिनिटे पुरवतो. एवढ्या भक्तिभावाने मोदक खाणारा माणूस या मांडवात दुसरा सापडणार नाही.

मंडळी, ज्यांची एखादी तपासणी राहिली असेल, त्यांनी आरती झाल्यावर घरी जाऊन आधी कालनिर्णयावर तारीख लिहावी. सोबत कोणी नसेल तर मला सांगा. दवाखान्यातल्या बाकावर गप्पा मारायचा मला नऊ वर्षांचा अनुभव आहे, आणि तिथे मराठी बोलणारा माणूस भेटला की वेळ बरा जातो.



गणपती बाप्पा मोरया!