तापवायचा तो नट, गाडी नव्हे



आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, शेती करणारे आहेत आणि गॅरेज चालवणारेही आहेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करत असले तरी शिक्षण इंजिनिअरिंगचं. म्हणून आज गॅरेजवाल्या मित्रांशी थोडं बोलते. बाकीच्यांनीही ऐका, गाडी दुरुस्तीला तुम्हीच देता!

गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो नट-बोल्टच्या आट्यांत गच्च बसला की पान्याला दाद देत नाही. मग आपण गॅसची ज्योत लावतो. नट तापून प्रसरण पावतो, गंजाची पकड ढिली होते. उपाय योग्यच आहे, पण ऑक्सिजन-ॲसिटिलिनची ज्योत ३००० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि ती नटापाशी थांबत नाही. शेजारी रबरी बुश असतो, ब्रेकचा होज असतो, वायरिंग, ग्रीस, पेट्रोलची नळी असते. आणि गाडीखाली उताणा झोपून काम करणारा एक मुलगा असतो.

दहावीला शिकलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आठवतंय? मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेलं तत्त्व. आज स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी त्यावरच चालते आणि गॅरेजमधला इंडक्शन हीटरही. नटाभोवती कॉईल धरायची. तिच्यातला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलतो, त्यामुळे नटाच्या लोखंडातच प्रवाह फिरू लागतात आणि नट आतून तापतो. ज्योत नाही, सिलेंडर नाही. हातात धरायची छोटी यंत्रं साधारण एक-दोन किलोवॅटची असतात. नट दरवेळी लाल करायचीही गरज नसते. थोडा तापवा, पाना लावून बघा, नाही हलला तर पुन्हा तापवा.

मात्र हे यंत्र सगळं करत नाही. ते लोखंड कापत नाही. ॲल्युमिनियमवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ज्योत नसली तरी नट भाजतोच आणि ग्रीस पेटू शकतं, म्हणून आधी पुसून घ्या, पेट्रोल गळत नाही ना ते पाहा. बंद शॉक ॲब्सॉर्बर आणि एअरबॅगच्या आसपास वापरू नका. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने यंत्रापासून दूर राहावं. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा तापवलेला नट-बोल्ट पुन्हा बसवू नका, नवा घाला. उष्णतेने त्याची ताकद गेलेली असू शकते.

यंत्र महाग वाटेल. हिशेब करताना सिलेंडरचा खर्च धरा, जळालेले बुश आणि होज धरा. आणि गाडीखाली काम करणारा तो मुलगाही धरा. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ज्योत नसणं, याची किंमत बिलात लिहिता येत नाही, पण मालकाने ती ओळखायला हवी.